कागद, काच आणि बाबांचे डोळे

जबलपूरची पोस्टिंग आली तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो व्हरांड्याचा. इथल्या छावणीतल्या जुन्या घरांना अजून खोल, कौलारू व्हरांडे आहेत. थंडीत सकाळचं ऊन त्यात गुडघ्यापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. फील्डमधून पीस स्टेशनला आलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं? गेल्या काही वर्षांत वाचायची राहिलेली पुस्तकं मी एका काळ्या ट्रंकेत भरून आणली होती. ट्रंक उतरवणाऱ्या जवानांपैकी एकाने कंबर सरळ करत विचारलं, "साहब, इसमें गोला-बारूद है क्या?" जबलपूर हे तोफगाड्यांचं आणि दारूगोळ्याचं गाव. १९०४ सालापासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे. त्यामुळे शंका अगदीच चुकीची नव्हती.

दिवाळीनंतर आई-बाबा वाईहून आले. बाबांनी दर वर्षीप्रमाणे चार दिवाळी अंक आणले होते. सकाळी चहा झाला की ते व्हरांड्यात खुर्ची टाकून अंक उघडून बसत. मी ऑफिसला निघताना आणि जेवायला परत येताना त्यांना तसंच बसलेलं पाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी समोरच बसलो होतो. बाबांना पान उलटायला फार वेळ लागतोय असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, की प्रत्येक पानाला वेळ सारखाच लागतोय. कथेचं पान असो की सोन्याच्या पेढीची पानभर जाहिरात असो, तेवढाच.

माझे बाबा मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. वाई हे तसं शब्दांचं गाव. मराठी विश्वकोशाचं ऑफिस तिथलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना रस्त्याने जाताना बाबांनी कितीदा पाहिलेलं. पण बाबांच्या वाट्याला आल्या त्या लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि अधूनमधून एखादं पुस्तक. खिळ्यांच्या काळात ते उलटी अक्षरंसुद्धा सरळ वाचावीत तशी वाचत. त्या माणसाने माझ्या घरी तीन दिवस वाचण्याचं नाटक केलं होतं.

"बाबा, दिसतंय ना नीट?"

"दिसतंय रे. कागद चकाकतोय, एवढंच."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीच आहेत, त्यांचं काही नाही. वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. झीज हळू आहे, पण जे गेलं ते परत यायचं नाही. आपण वाचतो नेमके त्याच भागाने. उपाय म्हणून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, चांगला उजेड आणि मोठं अक्षर.

पण "कागद चकाकतोय" ही केवळ सबब नव्हती. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खुर्चीत बसून तोच अंक उघडला. गुळगुळीत आर्ट पेपर, त्यावर तिरपं ऊन. डाव्या पानावरच्या मधल्या आठ-दहा ओळी पांढऱ्या होऊन गेल्या होत्या. मान हलवली की त्या दिसायच्या आणि दुसऱ्या जायच्या. आपण वर्षानुवर्षं ऐकतो, की स्क्रीन चकाकतो आणि कागद डोळ्यांना शांत असतो. इथे तर कागदच आरसा झाला होता.

फौजी माणूस ट्रायल घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. मी टेबलावर ओळीने मांडले: माझा फोन, मुलीचा टॅबलेट, माझा ई-रीडर, तो दिवाळी अंक आणि ट्रंकेतली एक जुनी, पिवळ्या पडलेल्या कागदाची कादंबरी. फोनवर मला माझं नाक आणि वरची कौलं दिसली. उजेड पूर्ण वाढवला तरी उन्हापुढे तो हरला. टॅबलेट मोठा, म्हणून त्याचा आरसाही मोठा. जुनी कादंबरी उत्तम. ई-रीडरही उत्तम, आणि ऊन जितकं जास्त तितका तो जास्त स्पष्ट. अंकाचा नंबर टॅबलेटच्या थोडाच वर लागला.

ज्याला फरक डोळ्यांनी बघायचा असेल त्याने भेडाघाटला जावं. नर्मदेच्या दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे आहेत. दुपारी होडीतून जाताना ते उजळ दिसतात, पण डोळ्यांत घुसत नाहीत. कारण कड्याचा दगड खडबडीत आहे आणि तो उजेड दाही दिशांना विखरून टाकतो. वर येऊन दुकानातली घासूनपुसून गुळगुळीत केलेली संगमरवरी मूर्ती हातात घ्या. तिच्या खांद्यावरचा एकच ठिपका डोळे दिपवतो. चकाकी येते ती अशी, पृष्ठभागातून आणि उजेडाच्या कोनातून. काच असो, आर्ट पेपर असो की मूर्ती, गुळगुळीत म्हटलं की उजेड एकाच दिशेला फेकणार.

ई-रीडरचा पडदा कड्याच्या जातीचा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ही ‘इलेक्ट्रॉनिक शाई’ विकसित केली आणि १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. या पडद्यात केसाच्या जाडीच्या बारीक बारीक कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण. विजेचा भार देऊन हवे ते कण वर आणायचे, की अक्षर उमटतं. एकदा उमटलं की वीज काढली तरी राहतं. पडदा स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा उजेड परत पाठवतो. सोनीने २००४ मध्ये जपानात असं यंत्र काढलं, ॲमेझॉनचं किंडल २००७ मध्ये आलं. अंधारात वाचण्यासाठी पडद्याच्या कडेला बारीक दिवे बसवायची सोय पुढे आली. त्यांचा उजेड पडद्यावर पडतो आणि तिथून परत येतो, फोनसारखा आतून थेट डोळ्यांत येत नाही.

हे कळल्यावर माझे काही जुने समज गळून पडले. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात, असं मेसमध्ये छातीठोकपणे सांगणारे दोन-तीन जण नेहमी भेटतात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था मात्र सांगते, की स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही. डोळे शिणतात ते मुख्यतः आपण टक लावून बघताना पापण्या कमी मिटतो आणि नजर लांब टाकत नाही म्हणून. ‘ई-बुकने झोप उडते’ असं सांगताना ज्या प्रयोगाचा हवाला देतात तो २०१४ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. त्यात बारा जण होते आणि ‘ई-बुक’ म्हणजे पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड होता. झोपेवर परिणाम दिसला हे खरं, पण तो काचेतून उजेड फेकणाऱ्या यंत्राचा. ई-शाईचं यंत्र त्या प्रयोगात नव्हतंच.

आता माझं स्वतःचं सांगतो. मराठीत जवळचं वाचायच्या चष्म्याला सरळ चाळिशी म्हणतात. इतकी स्पष्टवक्ती भाषा दुसरी नसेल. डोळ्यातलं भिंग चाळिशीच्या आसपास इतकं कडक होतं, की जवळच्या वस्तूसाठी हवं तेवढं फुगत नाही. एनडीएत असताना लाइट्स आउटनंतर मी ब्लँकेटखाली टॉर्च घेऊन व्यास लायब्ररीतली पुस्तकं वाचायचो. पकडलो गेल्यावर फ्रंट रोल्सही पुष्कळ मारले. तेव्हा बॅटरी संपत आलेल्या टॉर्चच्या पिवळ्या ठिपक्यात मला बारीकातलं बारीक अक्षर दिसायचं. मागच्या पोस्टिंगमध्ये रात्री नकाशा वाचताना मात्र तो हळूहळू दूर न्यावा लागला. लाल टॉर्चखाली नकाशावरच्या लाल-तपकिरी रेषा फिक्या पडतात, हे प्रत्येक कॅडेटला शिकवतात. मी बराच काळ ते कारण सांगून वेळ मारून नेली. शेवटी हातच आखूड पडायला लागले. बाबांच्या नाटकाला मी हसू शकलो नाही ते यामुळेच.

तेव्हा माझं मत असं, की चाळिशीनंतर कागद विरुद्ध स्क्रीन हा प्रश्नच चुकीच्या जागी अडकलाय. चकाकी टाळता येते. खुर्ची फिरवा, दिवा बाजूला घ्या, गुळगुळीत कागद टाळा. पण छापलेल्या अक्षराचा आकार? प्रकाशकाने कागद वाचवण्यासाठी दहा पॉइंटचं अक्षर घेतलं, की ते तुमच्यासाठी मरेपर्यंत दहा पॉइंटचंच राहणार. ई-रीडरवर तेच बोटाने मोठं होतं. याच एका गोष्टीसाठी मी ते यंत्र कागदाच्या वर ठेवतो.

बाकी गोष्टींत कागदाला मान आहे. माझ्या ई-रीडरच्या माहितीपत्रकात ० ते ३५ अंश तापमान लिहिलंय. लडाखच्या हिवाळ्यात त्यावर आधीच्या पानाची भुतं दिसायची, पान उलटलं की नवीन पान विचार करत करत यायचं आणि बॅटरी बघता बघता उतरायची. स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून ऊब दिली की थोडा वेळ बरं चालायचं. जबलपूरच्या मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, म्हणजे दुपारच्या व्हरांड्यातही तो कंपनीच्या हद्दीबाहेरच. जिथे फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं तिथे तोही बाहेरच राहतो, पण खिशातलं पुस्तक आत येतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सुरुवातीला भावनिक वाटायची. कागदावर वाचलेलं मला जागेसकट आठवतं, डाव्या पानावर, खालच्या परिच्छेदात. ई-रीडरवर वाचलेलं ‘त्रेचाळीस टक्क्यांवर’ असतं, आणि टक्क्याला जागा नसते. नॉर्वेच्या ॲन मँगेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी पन्नास वाचकांना एक लांब रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील पुस्तकात आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक बाबतींत दोघांना सारखंच समजलं होतं. पण घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे लावायला सांगितलं तेव्हा किंडलवाले मागे पडले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याने जंगलात नकाशा हरवलाय त्याला हे समजायला अभ्यास लागणार नाही. म्हणून लढायांचे इतिहास मी अजून कागदावरच वाचतो, चाळिशी लावून.

पण बाबांसमोर असा पर्याय नव्हता. त्या रविवारी संध्याकाळी मी माझा ई-रीडर त्यांच्या हातात दिला.

"मळकट आहे कागद," ते म्हणाले.

खरंच होतं. ई-शाईचा पांढरा हा शुभ्र नसतो, वर्तमानपत्राच्या कागदासारखा करडा असतो. संध्याकाळी दिवा न लावता तर करड्यावर करडं. मी कडेचे दिवे वाढवले, अक्षर ठळक केलं, आकार वाढवत नेला. काळ्यावर पांढरी अक्षरंही करून दाखवली. कमी दिसणाऱ्या बऱ्याच जणांना ती बरी पडतात. बाबांनी मान हलवली. "शाळेच्या फळ्यावर वाचल्यासारखं वाटतं." परत पांढऱ्यावर काळं केलं. एका पानावर अकरा ओळी राहिल्या तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं.

"हे किती पॉइंट?"

मला सांगता येईना. यंत्रावर नुसते एक-दोन-तीन आकडे होते. "पोथीएवढा आहे," ते स्वतःच म्हणाले, आणि वाचायला लागले. या वेळी पानं लवकर उलटत होती आणि सगळ्यांना सारखा वेळ लागत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने मला खूण केली. मी तिथून उठून आत गेलो.

पाऊण तासाने आतूनच आवाज ऐकला. "अरे, हा ल हिंदी आहे!"

मराठीतला ल आणि श आपण ज्या वळणाने काढतो तो हिंदीत वेगळा काढतात. यंत्रातला फॉन्ट हिंदीला धरून होता. जबलपूरच्या प्रत्येक पाटीवर तोच ल दिसतो, गावाच्या नावातच आहे. पण पाटीवर तो चालतो, मराठी कादंबरीत नाही, असं बाबांचं म्हणणं. नंतर त्यांना चुका सापडायला लागल्या. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. जोडाक्षरं फुटलेली, मधूनच एखादी वेलांटी गायब. बाबांनी सवयीने खिशातून पेन्सिल काढली आणि पडद्यापाशी नेऊन थांबले. शेवटी माझी मुलगी वही घेऊन शेजारी बसली. आजोबा सांगतील तो चुकीचा शब्द, पुढे बरोबर शब्द आणि त्याखाली ‘किती टक्क्यांवर’. टक्क्याचा असाही उपयोग होतो.

ते पुस्तक विकत घेतलेलं होतं, फुकटचं नव्हे. चुका कुठून आल्या असतील याचा अंदाज बाबांनीच बांधला. युनिकोड रुळण्याआधी आपली पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवली जात. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे आकडे, डोळ्यांना दिसणार मराठी. ती फाइल युनिकोडमध्ये आणताना ऱ्य, रफार, जोडाक्षरं तुटतात. पुन्हा कुणीतरी ओळ न् ओळ वाचून ती नीट करायला हवी. म्हणजे मुद्रितशोधक हवा. "तो ठेवत नाहीत आता," बाबा म्हणाले, फारसं वाईट न वाटता.

बाबांनी मला बारा पुस्तकांची यादी दिली. पुन्हा वाचायची असलेली काही, राहून गेलेली काही. मी दोन संध्याकाळ शोधलं. ई-शाईच्या यंत्रावर वाचता येतील अशी तीन मिळाली. चार अशी होती की फक्त फोन किंवा टॅबलेटच्या ॲपमध्ये वाचता येतात, म्हणजे परत काच आणि परत कौलं. दोन पीडीएफ. तीन फक्त कागदावर, बारीक टायपात. किंडलवर मराठी पुस्तकं यायला डिसेंबर २०१६ मध्ये सुरुवात झाली. इतक्या वर्षांनी बारात तीन!

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं केलं की पान पडद्याबाहेर जातं, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवायचं आणि परत आणायचं. निरोगी माणूस दोन पानांत कंटाळतो. ज्याच्या नजरेचा मधलाच भाग धुरकटलाय त्याची दुसऱ्या ओळीत वाट चुकते. ज्या फाइलमध्ये अक्षर वाढलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात, तेच खरं ई-पुस्तक. बाकीच्याला मी ई-पुस्तक म्हणत नाही.

प्रकाशकांची भीती मला कळते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ राजरोस फिरतात. मलाही कोणी कोणी ‘अमूल्य खजिना’ म्हणून पाठवतं. पण त्यांनी एक गोष्ट बघावी. ज्याला चोरून वाचायचंय त्याच्याकडे ती पीडीएफ पोचलेलीच आहे. पैसे देऊन मोठ्या अक्षरात वाचायला तयार असलेल्या सत्तरीच्या वाचकाला मात्र दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवलं जातं. आणि म्हातारा वाचक ही काही नवीन शोध लागलेली जात नाही. मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरी, मोठ्या टायपातलं गुरुचरित्र आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या छापलं जातं. म्हाताऱ्या डोळ्यांना काय लागतं हे छापखान्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त देवाच्या पुस्तकाला मोठा टाइप आणि माणसांच्या पुस्तकाला बारीक, अशी वाटणी का झाली ते मला समजत नाही. पूर्वी निदान कागदाचा खर्च हे कारण होतं. आता तेही नाही.

आई-बाबा फेब्रुवारीत परत गेले. ई-रीडर बाबांबरोबर गेला, तीन पुस्तकं आत भरून, आणि वहीसुद्धा. मी परत ट्रंकेकडे वळलोय. व्हरांड्यातली खुर्ची फिरवून घेतली आहे, आता ऊन पाठीमागून येतं. नाकावर सव्वा नंबरची चाळिशी आहे. ती कपाळावर ढकलून मग घरभर शोधण्याचा कार्यक्रम आठवड्यातून दोनदा होतो.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला.

"अरे, ते पहिलं पुस्तक संपलं."

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे. एकशे तेरा चुका. त्या प्रकाशकाचा पत्ता पाठव मला."

"बाबा, ईमेल करू की. मी वहीचे फोटो काढून..."

"फोटो नको. कागदावर लिहून पाठवणार आहे, पोस्टाने. चुका कागदावरच पाठवायच्या असतात."

मी पत्ता शोधून पाठवला. यादी परवा रवाना झाली. आई म्हणते, सहा पानं आहेत आणि अक्षर चांगलं मोठं काढलंय.